तळपायाची आग आणि कोंड्यातले जीवनसत्त्व

वसंत व्याख्यानांचे दिवस म्हणजे कर्जत तालुक्यात राब भाजण्याचे दिवस. नेरळहून कळंबच्या वाटेला लागावे, तो पोशीरच्या आसपासच्या खाचरांवर निळसर धूर रेंगाळताना दिसतो. पालापाचोळा आणि शेण यांचे थर जाळून जमीन तयार करावयाची, मृग लागला की तीत भात पेरावयाचे, रोप हाताला आले की गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करावयाची, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. या साऱ्या कामात माणसाच्या हातांचे कौतुक पुष्कळ होते. पायांची आठवण कोणी ठेवीत नाही. आणि म्हातारपणी नेमके पायच आपली आठवण करून देऊ लागतात.

तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. दिवसभर कसेबसे निभते, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळपाय पेटतात. कोणाला मुंग्या येतात, कोणाला सुया टोचतात, कोणाला पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. गंमत अशी की याच पायातून चप्पल निसटलेली कळत नाही, काटा रुतलेला समजत नाही. बधिरपणा आणि आग ही एकाच पायात एकत्र नांदतात. घरातला उपाय ठरलेला असतो. काशाची वाटी काढावयाची, तळव्याला तूप किंवा खोबरेल लावावयाचे आणि वाटी काळी पडेपर्यंत घासावयाचे. घासणारे हात नातवाचे असले तर अर्धी आग तिथेच निवते, हेही खरे.

अलीकडे या वाटीच्या जोडीला गोळी आली आहे. बाजाराच्या गावी औषधाच्या दुकानात ‘ताकदीची गोळी’ म्हणून मागितली की रंगीत पाकिटातली जीवनसत्त्वे मिळतात, आणि पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न असा की, जीवनसत्त्वांनी मज्जातंतूंची जुनाट वेदना जाते काय? याचे उत्तर ‘होय’ असेही आहे आणि ‘नाही’ असेही आहे. कोणते उत्तर कोणाला लागू पडते, हे मात्र इतिहासात शिरल्यावाचून कळत नाही. आणि हा इतिहास भाताच्याच कोंड्यातून सुरू होतो.

आधी वेदनेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बोटाला विळा लागला की दुखते. ते दुखणे उपकारकच असते. जखम बोटाला, आणि मज्जातंतू हा केवळ निरोप्या. पण पुष्कळदा निरोप्यालाच जखम होते. तारेवरचे वेष्टन झिजावे आणि कोणी बोलत नसताही तिच्यात खरखर ऐकू यावी, तसा जखमी तंतू काही कारण नसता मेंदूकडे आगीचे निरोप धाडीत राहतो. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून झीज पहिल्याने तेथे उमटते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यापुढे बहुधा निष्प्रभ ठरतात. मधुमेह, नागीण, कुष्ठरोग, दारू, कर्करोगावरची काही औषधे आणि अन्नातली उणीव अशी याची अनेक कारणे आहेत. आग एकच, पण ती लावणारे हात निरनिराळे, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

तळपायाच्या आगीची पहिली नीट नोंद आपल्याच लोकांवरून झालेली आहे. पहिल्या ब्रह्मी युद्धात, म्हणजे १८२४ ते १८२६ या काळात, ब्रह्मदेशात गेलेल्या हिंदी शिपायांचे पाय रात्री जळत. ग्रीअरसन नावाच्या डॉक्टराने १८२६ साली या विकाराचे वर्णन केले. कारण मात्र त्याला सांगता येणे शक्य नव्हते. अन्नात उष्मांकांखेरीज आणखी काही असते, ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. ती जन्मास येण्यास आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली, आणि तिचा जन्म जावा बेटावरच्या एका कोंबड्यांच्या खुराड्यात झाला.

डच सरकारने ख्रिस्तियान आइकमान या तरुण डॉक्टराला बेरीबेरी रोगाचा शोध घेण्यास बटाव्हियाला ठेवले होते. बेरीबेरी हा मुख्यत्वे मज्जातंतूंचा आणि हृदयाचा रोग. पायांत मुंग्या, पोटऱ्यांत कळा, मग बळ जाणे, आणि शेवटी कित्येकदा मृत्यू. त्या काळी जंतुशास्त्राचा बोलबाला होता, म्हणून आइकमानही जंतू शोधीत होता. १८८९ साली त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या, आणि काही महिन्यांनी तितक्याच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता उलगडा झाला तो असा. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे आचारी बदलला. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना का म्हणून घालावा, अशी हरकत नव्या आचाऱ्याने घेतली, आणि त्यांच्या नशिबी पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ आला. त्या साध्या तांदळानेच त्या बऱ्या झाल्या! एका आचाऱ्याच्या काटेकोरपणामुळे वैद्यकाला केवढा लाभ व्हावा, याचे असे उदाहरण विरळा.

कोंबड्यांवरून माणसांचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, हे जाणून फोर्डरमान या अधिकाऱ्याने जावातल्या १०१ तुरुंगांची पाहणी केली. सडीचा, कोंडा न गेलेला तांदूळ जेथे मिळे अशा ३७ तुरुंगांपैकी अवघ्या एकात बेरीबेरी होती. मिश्र तांदूळ खाणाऱ्या १३ तुरुंगांपैकी ६ ठिकाणी ती आढळली, आणि गिरणीचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या ५१ पैकी ३६ ठिकाणी. इतका स्वच्छ हिशेब वैद्यकात क्वचितच हाती लागतो. तरीही पांढऱ्या तांदळात काहीतरी विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असेच आइकमानला वाटत होते. त्याच्या जागी आलेल्या खेरिट ग्रेन्स याने १९०१ साली ही गाठ सोडविली. तांदळात विष नाही, उणीव आहे, असे त्याने सांगितले. शरीराला जे हवे ते कोंड्याबरोबर टाकून दिले जाते, एवढाच त्याचा अर्थ. १९१२ साली कासिमिर फुंक याने अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणतो. १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून या द्रव्याचे स्फटिक वेगळे काढले, आणि १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स याने ते रासायनिक रीतीने बनविले. तेच ब-१ जीवनसत्त्व, थायामिन. हा विल्यम्स तामिळनाडूतल्या नेल्लोर येथे जन्मला होता असे कोणी सांगितले तर वाचकांनी त्यातले निम्मे मानावे. जन्म नेल्लोरचाच, पण नेल्लोर आंध्रातले; आणि ज्या किनाऱ्यावर हिंदुस्थानात बेरीबेरीने ठाण मांडले होते, तो हाच उत्तर-आंध्रापर्यंत पसरलेला किनारा होय.

आता घराकडे वळू. आपल्याकडे भात घिरटावर भरडीत आणि उखळात सडीत. मुसळाच्या घावांनी तूस सुटे, पण तांबूस कोंडा बराचसा दाण्यालाच चिकटून राही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात भात आधी उकडून मग सडण्याची चाल आहे. त्या उकडण्यात कोंड्यातले जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत मुरते, आणि पुढे गिरणीत घातला तरी ते सर्वस्वी जात नाही. पेज पिण्याची चालही याच हिशेबात बसते, कारण भाताचे पाणी ओतून न देता पोटात घातले जाते. डोंगरउतारावरच्या ठाकर-कातकरी वस्त्यांत तर नाचणी आणि वरी यांचा आधार होता. आपल्या पूर्वजांना थायामिन ठाऊक होते, असा पोकळ अभिमान आम्ही सांगणार नाही. त्यांना ठाऊक होती ती भूक आणि काटकसर. आणि काटकसरीने जे राखले ते पुढे विज्ञानाने मोलाचे ठरविले.

मग भाताची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांवरचे मुसळ उतरले, ही लहान गोष्ट नव्हे. पहाटेच्या कांडणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते मुसळ एकदा स्वतः उचलून पाहावे. परंतु त्याबरोबर पांढरेपणा ही प्रतिष्ठा झाली. सडीच्या तांदळात १०० ग्रॅममागे सुमारे ०.४ मिलिग्रॅम थायामिन असते. खूप पॉलिश केलेल्या तांदळात त्याचा पाचवा हिस्सा जेमतेम उरतो, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या वर आहे. महात्मा गांधींनी १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत त्याचे काम उभे केले, तेव्हा हातसडीच्या तांदळाचा प्रश्न त्यांनी अगदी आरंभीच हाती घेतला होता. स्वतंत्र भारताने १९५८ साली तांदूळ गिरण्यांच्या नियंत्रणाचा कायदा केला, त्यामागेही हातसडीला आधार देण्याचा हेतू होता. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. हातसडी त्याच्या पुष्कळ आधीच हरली होती. कर्जतला १९१९ पासून भाताचे संशोधन केंद्र आहे, आणि तेथल्या ‘कर्जत-१८४’ सारख्या वाणांनी कोकणातली खाचरे पिकविली. पीक वाढले; दाण्यावरचा कोंडा मात्र गिरणीतच राहू लागला.

दरम्यान मूळ तळपायाच्या आगीचा शोध दक्षिणेत पुढे सरकला होता. निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन याने आहारशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली होती. तेथे डॉ. सी. गोपालन या तरुण संशोधकाने १९४६ साली, म्हणजे ग्रीअरसननंतर १२० वर्षांनी, जळणाऱ्या पायांच्या रोग्यांवर एकेक जीवनसत्त्व वेगवेगळे देऊन पाहिले. थायामिनने गुण आला नाही. पँटोथेनिक आम्ल या ब गटातल्याच दुसऱ्या द्रव्याने आला. आजही वैद्यकात या विकाराला ग्रीअरसन-गोपालन यांचे नाव जोडलेले आहे. येथे लक्षात ठेवावयाचे ते त्यांच्या पद्धतीचे. त्यांनी सर्व जीवनसत्त्वांची एकच पुडी बांधून दिली नाही. कोणती उणीव, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

हा प्रश्न सोडला की काय होते, याचा धडा मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज विदुषी १९२८ पासून मुंबईत होती. गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा तिने अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. अनेक मातांचे प्राण वाचविणारा हा शोध. परंतु १९४५ नंतर हेच औषध दुसऱ्या एका रक्तक्षयाच्या रोग्यांना दिले गेले, तेव्हा विलक्षण अनुभव आला. रक्त सुधारले, चेहऱ्यावर लाली आली, आणि आतून मज्जातंतूंचा नाश मात्र चालूच राहिला. त्या रोग्यांची खरी उणीव ब-१२ ची होती, आणि ते जीवनसत्त्व १९४८ साली हाती लागले. एका जीवनसत्त्वाने दुसऱ्याची उणीव झाकली जाते, आणि झाकलेली उणीव अधिक घातक असते.

येथवरचा इतिहास ‘होय’ या उत्तराचा झाला. उणीव असेल तेथे जीवनसत्त्व हे औषध आहे. किंबहुना तेच एक औषध आहे. आता पाकिटावरच्या त्या ठळक शब्दाकडे येऊ.

बरणीतले तेल फार दिवस राहिले की खवट होते, विळ्याला गंज चढतो, चिरलेले वांगे काळे पडते. हे सारे प्राणवायूचे काम. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, त्याच्यापासूनच शरीरात काही उच्छृंखल कण निपजतात आणि ते पेशींची नासधूस करतात, असा सिद्धान्त डेनहॅम हार्मन याने १९५६ साली मांडला. या कणांना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळ्या-लिंबातले क जीवनसत्त्व हे त्यांपैकी एक, तेलातले ई जीवनसत्त्व हे दुसरे. आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलात ई जीवनसत्त्वाबरोबर ओरायझॅनॉल नावाचे असेच आणखी एक द्रव्य असते. म्हणजे गिरणीने जो कोंडा वेगळा केला, त्यात नुसते थायामिन नव्हते.

मधुमेहात रक्तातली साखर वाढली की हे उच्छृंखल कण वाढतात आणि तंतूंना इजा करतात, ही उपपत्ती २००१ च्या सुमारास चांगली रूढ झाली. २००४ आणि २००६ साली अमेरिकेत टेक्सास येथील संशोधकांनी मज्जातंतूला इजा केलेल्या उंदरांना असे कण शोषणारी द्रव्ये व ई जीवनसत्त्व टोचले, तेव्हा त्यांची वेदना कमी झालेली दिसली. आशा वाटावी असेच हे होते. पण उंदरांपासून माणसांपर्यंतची वाट कोंबड्यांइतकी सरळ निघाली नाही.

कर्करोगावरच्या औषधांनी होणारा तंतूंचा बिघाड ई जीवनसत्त्वाने टळतो काय, हे २०७ रोग्यांवर पाहून २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. बिघाड ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ३४ टक्के आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांत २९ टक्के निघाला. फायदा काहीच नाही. अल्फा-लिपॉइक आम्ल हे जीवनसत्त्व नव्हे, पण त्याच जातीचे काम करते. मधुमेही रोग्यांना ते शिरेतून दिल्याने तीन आठवड्यांत आराम पडतो, असे १९९५ साली जर्मनीत आढळले. पुढे चार वर्षे गोळ्या देऊन केलेल्या २०११ च्या प्रयोगात मुख्य अपेक्षा पुरी झाली नाही. क जीवनसत्त्वाची कथा अधिक चटका लावणारी आहे. मनगटाचे हाड मोडल्यावर काहींचा हात महिनोन्‌महिने जळत राहतो. नेदर्लंड्समध्ये १९९९ साली अशा रोग्यांना ५० दिवस रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले, तेव्हा हा विकार २२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला. २००७ च्या मोठ्या प्रयोगातही गुण दिसला. पण २०१४ साली एडिंबरो येथील प्रयोगात काहीच फरक आढळला नाही. तात्पर्य, मोडलेल्या हाडानंतरची वेदना टाळण्यास त्याचा काही उपयोग असू शकेल. वर्षानुवर्षे जुनी झालेली आग त्याने विझते, असे म्हणण्यास आधार नाही.

‘नुकसान तर नाही ना?’ असे म्हणून पुष्कळजण गोळी घेतात. नुकसानही आहे. १९९४ साली फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. आणि ब-६ हे जीवनसत्त्व ग्रॅमच्या हिशेबाने महिनोन्‌महिने घेतल्यास तेच मज्जातंतू बिघडविते, पाय बधिर करते, हे १९८३ सालीच दाखविले गेले. जी आग विझवावयाची तिलाच तेल घालण्याचा हा प्रकार.

मग पोशीरच्या ओट्यावर पाय चोळीत बसलेल्या म्हाताऱ्याने काय करावे? त्याने आधी कारण शोधावे. आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसले, आणि हा रोग आता शहराच्या वेशीवर थांबलेला नाही. तळपायाची आग ही पुष्कळदा त्याची पहिली वर्दी असते. दुसरे कारण ब-१२ ची उणीव. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातील खेड्यांतल्या आणि शहरातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व धान्यात नाही, भाजीत नाही, कोंड्यातही नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. शिवाय मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही नित्याची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटते. म्हणजे एकाच माणसाच्या पायात दोन आगी असू शकतात. त्यांपैकी एक काही इंजेक्शनांनी थांबविता येते, आणि दुसरी साखर आवरून मंदावता येते. परंतु रंगीत गोळीवर वर्ष-दोन वर्षे घालविली, तर झिजलेले तंतू पुन्हा उभे राहतीलच असे नाही. गोळीचे पैसे गेले याचे दुःख आम्हाला कमी वाटते. गेलेला काळ परत येत नाही, याचे अधिक. बधिर पायाला लागलेला काटा दिसला नाही, जखम चिघळली, आणि शेवटी पाय कापावा लागला, अशी माणसे मधुमेहात काही थोडी नसतात.

आमच्या भाषेत ‘कोंड्याचा मांडा’ असा एक शब्दप्रयोग आहे. हाताशी असेल त्यातून चांगले करून खावे, हा त्याचा अर्थ. शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी अक्षरशः कोंड्याचा मांडा केला, आणि त्यातून लक्षावधी माणसांचे पाय वाचले. कारण त्यांनी आधी विचारले, काय कमी पडते आहे? आज मांडा पाकिटात घालून विकला जातो आणि विचारणे मात्र राहून जाते. काशाची वाटी खुशाल घासावी. तिने कोणाचे वाईट होत नाही, आणि नातवाला आजोबांचे पाय पाहावयास मिळतात. पाहता पाहता त्याला एखादी न दुखणारी जखम दिसली, तर त्याने वाटी बाजूला ठेवावी आणि आजोबांना दवाखान्याची वाट दाखवावी.